आपले प्राण, दुसऱ्याचे प्राण

१५ सप्टेंबर १९४० ला रविवार होता. मुंबईत अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक सुरू झाली आणि गांधीजी तिच्यापुढे बोलले. बोलण्याच्या ओघात त्यांनी लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलचा विषय काढला. त्या मंदिराला इजा झाल्याचं ऐकून त्यांना दुःख झालं होतं. काशी विश्वनाथाच्या देवळाला किंवा जामा मशिदीला धक्का लागला असता तर जेवढं झालं असतं, तेवढंच. या तिन्हींच्या रक्षणासाठी मी माझे प्राण देईन, पण एकाचाही प्राण घेणार नाही, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता.

त्याच रविवारी लंडनवर जर्मन विमानांच्या दोन मोठ्या लाटा चालून आल्या. एक बाराच्या सुमाराला, दुसरी दुपारी. किनाऱ्यावरच्या रडारनं ती विमानं समुद्रापलीकडे असतानाच टिपली होती. अक्सब्रिजच्या भुयारी खोलीत तरुण मुली टेबलावरच्या नकाशावर खुणांचे ठोकळे काठीनं सरकवत होत्या आणि कीथ पार्क हा न्यूझीलंडचा अधिकारी तिथून लढाऊ विमानांच्या तुकड्या एकामागून एक वर सोडत होता. चर्चिल त्या दिवशी तिथंच येऊन बसले होते. राखीव काय उरलंय, असं त्यांनी विचारलं, तेव्हा पार्कनं सांगितलं, काहीच नाही. शहराच्या डोक्यावर रे होम्स नावाच्या वैमानिकाच्या गोळ्या संपल्या, तेव्हा त्यानं आपलं हरिकेन सरळ एका डॉर्नियर बॉम्बफेकी विमानावर घातलं. डॉर्नियर व्हिक्टोरिया स्टेशनच्या आवारात कोसळलं. होम्स पॅराशूटनं उतरला आणि वाचला.

आणि सेंट पॉलच्या पायथ्याशी आणखी एक काम चाललं होतं. तीन दिवसांपूर्वी, १२ तारखेला, मंदिराला लागून एक बॉम्ब पडला होता. सुमारे एक टन वजनाचा, न फुटलेला, जमिनीत खोल रुतलेला. लेफ्टनंट रॉबर्ट डेव्हिस आणि त्याच्या बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकाचे जवान तो खणून काढत होते. त्या रविवारी त्यांनी तो वर काढला, लॉरीवर घातला आणि हॅकनेच्या मोकळ्या रानात नेऊन उडवला. लॉरी शहरातून जात असताना तो कुठंही फुटू शकला असता.

एका देवळाभोवती एकाच दिवशी ही तीन तऱ्हेची माणसं उभी होती. वर आकाशात मारणारी आणि मरणारी, खाली खड्ड्यात नुसतीच मरायला तयार असलेली, आणि हजारो मैलांवर मुंबईत आपला प्राण शब्दानं देऊ करणारा एक वृद्ध. यांतलं कोणाचं रक्षण खरं, हा प्रश्न मला बरीच वर्षं सोडत नाही, आणि त्याला कारण आहे.

मी वर्धा जिल्ह्यातला. पुलगावच्या दारूगोळा डेपोत मी हिशेबाच्या कामाला होतो. वर्दी नाही, साधा नागरी कर्मचारी. काय आलं, काय गेलं, काय शिल्लक, एवढंच माझं काम. त्या पगारावर माझं घर उभं राहिलं, मुलं शिकली, आणि आज पेन्शनही त्याचीच येते. डेपोपासून तासाभराच्या अंतरावर सेवाग्राम आहे, जिथं बापूंची कुटी आहे. वाटेत देवळी लागतं. पलीकडे धाम नदीच्या काठी पवनार, विनोबांचं. निवृत्तीनंतर आम्ही काही जण आठवड्यातून एकदा गीताई वाचायला बसतो. म्हणजे एका हातानं मी दारूगोळ्याची नोंद ठेवली आणि दुसऱ्या हातात गीताई धरली. हा विरोध मला झाकायचा नाही. उलट, या जिल्ह्यात राहणाऱ्यानं तो उघड्यावर आणून बघितला पाहिजे असं मला वाटतं. अहिंसेचं सगळ्यात मोठं केंद्र आणि देशाच्या मोठ्या दारूगोळा भांडारांपैकी एक, एकाच जिल्ह्यात, एकाच रोडवर आहेत.

आता त्याच सालात थोडं मागं जाऊ. १७ जून १९४० ला फ्रान्सच्या पेताँनं शस्त्रसंधी मागितली आणि त्याच दिवशी वर्ध्यात काँग्रेस कार्यसमितीची बैठक सुरू झाली. पाच दिवस चालली. उद्या हिंदुस्थानावर बाहेरून हल्ला झाला तर काँग्रेस अहिंसेनंच तोंड देईल का, हा तिथला प्रश्न होता. वल्लभभाई, राजाजी, सगळे मुरलेले सत्याग्रही. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की देशाच्या संरक्षणाच्या बाबतीत आम्हाला गांधीजींबरोबर शेवटपर्यंत जाता येत नाही. त्यांनी गांधीजींना त्या जबाबदारीतून मोकळं केलं. पुढे खान अब्दुल गफारखान यांनी याच मुद्द्यावर कार्यसमिती सोडली. वर्ध्याच्या त्या बैठकीबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. मला मात्र तिच्याबद्दल आदर आहे. आयुष्यभर ज्यांच्या मागे चाललो त्यांना समोर बसून, इथवरच, असं सांगायला धैर्य लागतं. आणि ते ऐकून न रागावता एकट्यानं पुढे जायला त्याहून जास्त लागतं.

एकटे पडल्यावर गांधीजींनी जुलैच्या सुरुवातीला प्रत्येक ब्रिटिश माणसाला उद्देशून आवाहन लिहिलं. ६ जुलैच्या 'हरिजन'मध्ये ते आलं. शस्त्रं खाली ठेवा, हिटलरला तुमचं सुंदर बेट घेऊ द्या, घरं घेऊ द्या, कत्तल करायची असेल तर तीही होऊ द्या, पण मन आणि आत्मा त्याच्या स्वाधीन करू नका, त्याची सत्ता मान्य करू नका, असा त्याचा गाभा. व्हाइसरॉयनं ते ब्रिटिश सरकारला कळवलं, तिकडून नम्र नकार आला. आणि १० जुलैपासून, इंग्रजांच्या मोजणीप्रमाणे, ब्रिटनच्या आकाशातली लढाई सुरू झाली.

त्या आवाहनावर हसणारे तेव्हाही होते, आताही आहेत. मला हसू येत नाही. ज्या माणसानं सप्टेंबर १९३९ मध्ये सिमल्यात व्हाइसरॉयसमोर पार्लमेंटच्या आणि वेस्टमिन्स्टर ॲबेच्या संभाव्य विध्वंसाचं चित्र डोळ्यांपुढे आणून अश्रू ढाळले, तो इंग्रजांच्या वाइटावर टपलेला नव्हता. (त्यांनी कल्पिलेलं ते पुढे खरं झालं. मे १९४१ च्या एका रात्री हाउस ऑफ कॉमन्सचं सभागृह जळून गेलं आणि ॲबेलाही मार बसला.) शिवाय त्या आवाहनातला एक तर्क पुढे अगदी खरा ठरला. हिटलरला शस्त्रानं हरवायचं तर तुम्हाला त्याच्याइतकंच, कदाचित जास्त, निर्दय व्हावं लागेल, असं गांधीजींनी बजावलं होतं. तीन वर्षांनी, जुलै १९४३ मध्ये, हॅम्बुर्गवर ब्रिटिश विमानांनी आगीचं वादळ उठवलं आणि एका शहरातली हजारो बायामुलं त्यात गेली. आपल्या छपरावर झेपावणारं विमान पाडणं आणि दुसऱ्याच्या छपरावर आग ओतणं यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पण दोन्हींची दारू एकाच कारखान्यातून येते. मी नोंदवलेल्या एकाही पेटीवर 'फक्त बचावासाठी' असं छापलेलं नव्हतं.

तरीही त्या आवाहनात मला एक गोष्ट खटकते, आणि ती अहिंसा नाही.

१९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी गेले असताना गांधीजी लंडनच्या ईस्ट एंडमध्ये, बो इथल्या किंग्जली हॉलमध्ये, म्युरिएल लेस्टर यांच्याकडे राहिले होते. चांगल्या हॉटेलात न राहता कामगारवस्तीत. तिथली पोरं त्यांना 'अंकल गांधी' म्हणत. पहाटे फिरायला निघाले की ओळखीची झालेली माणसं हाक मारत. ७ सप्टेंबर १९४० च्या दुपारी जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले ते याच ईस्ट एंडवर आणि तिथल्या गोद्यांवर. पहिल्याच दिवसात चारशेच्या वर माणसं मेली. गांधीजींचं आवाहन या माणसांनाही होतं. 'प्रत्येक ब्रिटिश माणूस' म्हटल्यावर बोमधली धुणं धुणारी बाईही त्यात आली आणि तिच्या कडेवरचं मूलही आलं.

ती बाई स्वतःपुरतं ठरवू शकते. मुलापुरतं तिनं कसं ठरवायचं? आणि तिच्या मुलापुरतं सेवाग्रामच्या माणसानं कसं ठरवायचं? मी जन्मभर हिशेब लिहिला, म्हणून मला हे त्या भाषेत दिसतं: दान आपल्याच खात्यातून करता येतं. प्राण देण्याची तयारी ही माणसाच्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे, पण ती ज्याची त्यानंच काढून द्यायची असते. दुसऱ्याच्या वतीनं कत्तलीला संमती देण्याचा अधिकार कोणत्याही संतालाही नाही, असं मी मानतो. त्या दिवशी बोमधल्या मुलाला प्रत्यक्ष वाचवणारं कोणी असेल, तर ते त्याच्या डोक्यावरचे ते वीस-बावीस वर्षांचे वैमानिक. मी तिथं असतो तर त्यांच्यासाठी प्रार्थना केली असती आणि तिची लाज बाळगली नसती.

पण लढणाऱ्यांचं सगळंच निर्मळ होतं असंही म्हणता येत नाही, आणि मला पहिल्यांदा टोचतो तो आकडा. १५ सप्टेंबरला आपण शत्रूची १८५ विमानं पाडली, असं ब्रिटिशांनी जाहीर केलं. नंतर जर्मन कागद हाती आल्यावर खरा आकडा साठच्या आसपास निघाला. कोणी मुद्दाम खोटं रचलं असं नाही. एकाच विमानावर चौघांनी नेम धरला की चौघांच्या नावावर ते लागतं, आणि वर ढगात कोणी मोजत बसत नाही. पण तिप्पट फुगलेल्या आकड्यावर देशानं आनंद केला. सत्य आणि अहिंसा यांची जोडी गांधीजींनी उगीच घातली नव्हती. मारण्याचा उत्साह आला की पहिली चूक मोजणीत होते. शिवाय साठ विमानं म्हणजे साठ यंत्रं नव्हेत. एका डॉर्नियरमध्ये चार माणसं बसत.

या लढाईच्या वरच्या टोकाला बसलेला माणूस होता एअर चीफ मार्शल ह्यू डाउडिंग. रडार, टेहळणी चौक्या, टेलिफोनच्या तारा आणि विमानतळ यांना एका सूत्रात गुंफणारी सगळी यंत्रणा त्याच्या आग्रहातून उभी राहिली. त्याच्या हाताखाली जवळजवळ तीन हजार वैमानिक आणि विमानातले साथीदार लढले, ५४४ त्या चार महिन्यांत गेले. नोव्हेंबर १९४० मध्ये त्याला पदावरून हलवण्यात आलं. नंतरचा डाउडिंग आपल्याकडे फारसा कोणाला माहीत नाही. तो थिऑसॉफीकडे वळला, पुनर्जन्म मानू लागला, मांसाहार सोडला, मेलेल्या वैमानिकांशी आपलं बोलणं होतं असं सांगू लागला. लॉर्ड्सच्या सभागृहात तो प्राण्यांवरच्या प्रयोगांविरुद्ध बोलत असे. त्याची पत्नी म्युरियल हिनं १९५९ मध्ये 'ब्यूटी विदाऊट क्रुएल्टी' ही संस्था काढली. प्राण्यांना न छळता बनवलेल्या वस्तू वापरा, असं सांगणारी. याच नावाची भारतातली संस्था पुण्यात आहे.

मृतांशी बोलणं होतं की नाही, यात मी शिरत नाही. मला दिसतो तो एक सेनापती, ज्यानं योग्य काम केलं आणि ज्याला त्या योग्य कामानंतरही शांती मिळाली नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. हिंसा कधीकधी कर्तव्य होऊन समोर येते, पण कर्तव्य झाली म्हणून तिचं ओझं उतरत नाही. ज्यानं आपल्यासाठी ते ओझं उचललं त्याला पापी म्हणण्याचा हक्क त्याच्या आडोशाला सुरक्षित राहिलेल्यांना नाही. आणि तू केलंस ते पुण्यच होतं, असं सांगून त्याची बोळवण करण्याचाही नाही. डाउडिंगनं उरलेलं आयुष्य बहुधा हेच ओझं घेऊन काढलं, आणि मांजरा-सशांच्या वेदनेपर्यंत पोहोचला.

गांधीजींकडेही या वैमानिकांना द्यायला काही होतं. भित्रेपणा आणि हिंसा यांतच निवड असेल तर हिंसा बरी, हे त्यांनी १९२० मध्येच लिहून ठेवलं होतं. प्रचंड जर्मन फौजेपुढे पोलंडनं जे केलं ते जवळजवळ अहिंसाच होती, असंही त्यांनी म्हटलं होतं. रे होम्सच्या रिकाम्या बंदुकीकडे बघताना मला तेच शब्द आठवतात. तरी मुंबईच्या भाषणात त्यांनी स्वतःची रेघ हलवली नाही. फरक पडला तो दुसरीकडे. जुलैमध्ये ते सगळ्या ब्रिटनला सांगत होते की तुम्ही मरा. १५ सप्टेंबरला ते म्हणाले, मी मरेन. मला या दोन महिन्यांत एक मोठा नैतिक प्रवास दिसतो. तो त्यांनी जाणूनबुजून केला की परिस्थितीनं करवला, हे अभ्यासकांनी ठरवावं.

त्याचं पुढचं पाऊल वर्ध्याचंच आहे. ब्रिटन जिवावरच्या संकटात असताना त्याला कोंडीत पकडायचं नाही, म्हणून सामुदायिक कायदेभंग नको, असं गांधीजींनी ठरवलं. एकेकट्या माणसानं युद्धविरोधी भाषण करायचं आणि तुरुंगात जायचं. पहिला माणूस विनोबा. १७ ऑक्टोबर १९४० ला पवनारला ते बोलले. माणसं देऊन किंवा पैसा देऊन या युद्धाला मदत करणं चूक आहे, सगळ्या युद्धाचा प्रतिकार अहिंसेनंच करावा, एवढंच सांगणं. चार दिवस गावोगाव बोलत फिरल्यावर २१ तारखेला देवळीत त्यांना अटक झाली. तीन महिन्यांची शिक्षा. त्याच दिवसांत लंडनवर रोज रात्री बॉम्ब पडत होते.

एक कृश माणूस, पाच-पन्नास शेतकऱ्यांसमोर खेड्यात उभा राहून बोलतो आणि पोलिसांच्या गाडीत जाऊन बसतो. लंडनमधल्या एकाही मुलाचा त्यानं बचाव झाला नाही हे खरंच आहे. पण त्यानं एकाही मुलाच्या वतीनं मरणाला संमती दिली नाही, हेही तितकंच खरं. विनोबांनी स्वतःच्या देहापुरतं आणि वाणीपुरतं ठरवलं. कोणाला मागं ओढलं नाही, पुढे ढकललं नाही. अहिंसेचा व्रतस्थ जेवढं प्रामाणिकपणे देऊ शकतो, ते इथं पूर्ण दिलं गेलं, असं मला वाटतं. म्हणूनच जुलैच्या आवाहनापेक्षा पवनारचं भाषण मला जास्त थोर वाटतं.

मग त्या खड्ड्यातल्या डेव्हिसचं काय? तो सैनिकच होता, व्रतस्थ नव्हता. पण पुढे त्याच कामाला शस्त्र घेण्यास नकार दिलेले शेकडो ब्रिटिश तरुणही स्वेच्छेनं गेले. युद्धाला विरोध म्हणून त्यांनी बंदूक नाकारली आणि न फुटलेल्या बॉम्बपाशी जाऊन बसले. या कामात शत्रूच नसतो. मातीतला लोखंडी गोळा असतो आणि घराघरातली झोपलेली माणसं असतात.

असं काम मी दुरून पाहिलं आहे. ३१ मे २०१६ ला, मध्यरात्र उलटल्यावर, पुलगावच्या डेपोत भडका उडाला. खिडक्या थरथरल्या, आकाश तांबडं झालं. आगरगाव आणि आसपासच्या गावांतली माणसं मुलंबाळं घेऊन मिळेल त्या वाहनानं निघाली. त्याच वेळी अग्निशमनचे जवान उलट दिशेनं, स्फोटांकडे जात होते. दोन अधिकारी आणि त्यांच्यातले बरेच जण परत आले नाहीत. पुढची शेड पेटली असती तर गावंच्या गावं गेली असती. त्यांनी एकाचाही प्राण घेतला नाही. त्यांचे प्राण त्यांनी आमच्यासाठी दिले. गांधीजींनी मुंबईत सेंट पॉलबद्दल जे म्हटलं, त्याचा अर्थ मला त्या रात्री कळला, आणि तो मला सेवाग्रामच्या कुटीत कळला नव्हता.

आमच्या बैठकीला देवळीकडचा एक मुलगा येतो. सैन्यभरतीची तयारी करतो, पहाटे रोडवर धावतो आणि संध्याकाळी येऊन गीताई वाचतो. हे सगळं मी त्याला सांगितलं. वैमानिक, बॉम्ब खणणारे, विनोबा. तो नीट ऐकत होता. मग म्हणाला, "काकाजी, त्या दिवशी वरतून विमानं लढत नसती, तं खाली खोदणाऱ्यायले तीन दिवस भेटले असते का?"

नसते भेटले, असं मी त्याला सांगितलं. एका तासातही दुसरा बॉम्ब येऊन पडला असता. डेव्हिसचा खड्डा होम्सच्या पंखाखाली खणला गेला, हे मान्य केलंच पाहिजे. पण मी त्याला हेही सांगितलं की होम्सचं विमान कितीही उंच उडालं असतं, तरी तो बॉम्ब आपोआप वर आला नसता. तो गप्प बसला. मग त्यानं विचारलं की दारूगोळ्याच्या नोकरीत मला रात्री झोप लागायची का.

लागायची, असं मी म्हणालो. आणि लागायची हेच मला आता तपासून बघायचं आहे. पुढच्या आठवड्यात आम्ही दुसरा अध्याय सुरू करणार होतो. त्यानं सुचवलं की आधी पहिला पुन्हा वाचू, जिथं अर्जुन दोन्ही सैन्यांमधली माणसं ओळखून एकेकाचं नातं सांगतो. मी हो म्हटलं.